पाचवी गोळी कशासाठी?

बायपास झाली, स्टेंट बसले, ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा-ब्लॉकर आणि नायट्रेट वर्षानुवर्षं चालू आहे, तरी जिना चढताना छातीत दाटून येतंच. अशा जुनाट अंजायनाच्या रुग्णाच्या केसपेपरवर पुढेमागे पाचवं नाव चढतं, ट्रायमेटाझिडिन किंवा रॅनोलाझिन. ही ‘मेटाबॉलिक’ औषधं. रक्तवाहिनी रुंद करायची नाही, नाडी उतरवायची नाही, थेट हृदयाच्या पेशीतल्या इंधनाच्या हिशेबात हात घालायचा, असा त्यांचा दावा.

या पाचव्या गोळीवर दोन जाणत्या माणसांचं पटत नाही हे मला माहीत होतं, म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं. एक हृदयरोगतज्ज्ञ. दुसऱ्या सिस्टर, सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागातून निवृत्त झालेल्या आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या. डॉक्टरांनी इंटर्न असताना याच सिस्टरांच्या वॉर्डात रात्रपाळ्या काढल्यात, त्यामुळे हुद्द्याचा धाक इथे चालणार नव्हता.

डॉक्टर : मी या औषधांच्या बाजूचा आहे, आडपडदा नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाची नाडी पंचावन्न असते, वरचा रक्तदाब शंभर. बीटा-ब्लॉकर वाढवला तर तो चक्कर येऊन पडेल, नायट्रेट वाढवलं तर डोकं ठणकेल. बायपासच्या वेळी जोडलेल्या शिरा बंद पडल्यात, मूळच्या वाहिन्या मधुमेहाने टोकापर्यंत बारीक झाल्यात. सर्जन म्हणतात जोडायला जागा नाही, मला स्टेंट बसवायला जागा दिसत नाही. त्याला मी काय सांगू, घरी बसून राहा?

सिस्टर : तो घरी बसूनच असतो, डॉक्टर. ते तुम्ही विचारत नाही, एवढंच. पण आधी तुमचं होऊ द्या.

डॉक्टर : हृदयाला थांबायची मुभा नाही. दिवसाला लाखभर ठोके, आणि पेशीत ऊर्जेचा साठा जेमतेम काही सेकंदांचा. ती ऊर्जा येते कुठून? एरवी साठ-सत्तर टक्के चरबीच्या आम्लांतून, उरलेली मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटमधून. चरबीतून ऊर्जा भरपूर मिळते, पण ऑक्सिजनही जास्त खर्च होतो. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोज दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा देतं. रेशनवर रॉकेल कमी आलं की घरातली बाई कमी पिणारा स्टोव्ह पेटवायची, तसंच हे. ट्रायमेटाझिडिन पेशीतल्या एका एन्झाइमला अडवतं, चरबी जाळण्याची शेवटची पायरी मंदावते आणि पेशी ग्लुकोजकडे वळते. नाडी तीच, रक्तदाब तोच. म्हणून ज्याला दुसरं काही वाढवता येत नाही, त्याला हे देता येतं.

सिस्टर : ऐकायला छानच आहे. रॅनोलाझिनचंही तुम्ही असंच सांगायचात.

डॉक्टर : हो, आणि तिथे आम्हाला शब्द फिरवावा लागला. रॅनोलाझिन आलं तेव्हा तेही चरबीचं ज्वलन कमी करतं असंच शिकवलं जायचं. मग दिसलं की नेहमीच्या मात्रेत तो परिणाम फारसा होत नाही. ते पेशीत उशिरापर्यंत झिरपत राहणारा सोडियमचा प्रवाह रोखतं. सोडियम कमी, म्हणून कॅल्शियम साचणं कमी, म्हणून ठोक्यांच्या मध्ये स्नायू नीट सैल पडतो. अमेरिकेत 2006मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती रुग्णांना आराम पडतो या पुराव्यावर.

सिस्टर : आणि ट्रायमेटाझिडिनला?

डॉक्टर : अमेरिकेत कधीच मंजुरी नव्हती. युरोपातल्या अनेक देशांत आणि आपल्याकडे मात्र चालतं.

*(ट्रायमेटाझिडिनची सर्वात मोठी जाहिरात हृदयरुग्णांनी केलेली नाही, खेळाडूंनी केली. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने 2014पासून ते बंदीच्या यादीत घातलं. त्याच वर्षी चिनी जलतरणपटू सुन यांग त्यात सापडला. मग रशियाची स्केटिंगपटू कामिला वालिएवा. डिसेंबर 2021मध्ये तिचा नमुना घेतला, बीजिंग ऑलिंपिकमध्ये प्रकरण फुटलं आणि 2024मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. औषध आजोबांचं होतं, असा बचाव तिच्या बाजूने झाला. आजोबांना त्याने किती फायदा होतो, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कुणी विचारला नाही.)*

सिस्टर : आता माझं ऐका. या गोळ्यांनी आयुष्य वाढतं का? नाही. ट्रायमेटाझिडिनची मोठी चाचणी झाली, एटीपीसीआय. 2020मध्ये लॅन्सेटमध्ये आली. अँजिओप्लास्टी झालेले सहा हजारांवर रुग्ण, जवळजवळ चार वर्षं पाठपुरावा. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. हृदयविकाराने मृत्यू, रुग्णालयात भरती, अंजायना परत येणं हे सगळं धरलं, तर एका गटात 23.3 टक्के आणि दुसऱ्यात 23.7. काय फरक पडला?

डॉक्टर : फरक नाही, मान्य. पण ते रुग्ण कोण होते ते पाहा. नळी नुकतीच उघडलेली. बहुतेकांचं दुखणंच थांबलेलं. ज्याला दुखतच नाही त्याचं दुखणं कमी झालं नाही, म्हणून औषध नापास करणं अन्याय आहे.

सिस्टर : मग रॅनोलाझिन घ्या. तुमच्या त्या रिव्हर-पीसीआय चाचणीत तर सगळ्या नळ्या उघडता न आलेलेच रुग्ण होते. तुम्ही मघाशी वर्णन केलंत तसेच.

डॉक्टर : होते. 2015मध्ये निकाल आला, साडेसव्वीसशे रुग्ण, आणि त्यातही फायदा दिसला नाही. त्याआधी मर्लिन चाचणीत, हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन गेलेल्यांत, मृत्यू आणि नवे झटके कमी झाले नव्हतेच. पण टेरिसा चाचणी विसरू नका. मधुमेह आणि जुनाट अंजायना असलेले नऊशे एकोणपन्नास रुग्ण. नुसत्या दिसायला तशा गोळीवर आठवड्याला सरासरी 4.3 वेळा छातीत दुखायचं, रॅनोलाझिनवर 3.8 वेळा.

सिस्टर : म्हणजे आठवड्याला अर्धी कळ कमी. दोन आठवड्यांत एक.

डॉक्टर : सरासरीत तसं दिसतं. सरासरीत ज्याला काहीच गुण आला नाही तोही असतो आणि ज्याला पुन्हा बाजारात जाऊन भाजी आणता आली तोही असतो.

सिस्टर : अगदी! मला नेमकं हेच म्हणायचं होतं, ते तुम्हीच म्हणालात. हे लक्षणावरचं औषध आहे. ते आयुष्य वाढवत नाही, ब्लॉक विरघळवत नाही, झटका टाळत नाही. त्याचं काम एकच, या माणसाचं दुखणं कमी करणं. मग कमी झालं की नाही हे कुणी पाहिलं? तुमच्या ओपीडीत किती मिनिटं मिळतात एकाला?

डॉक्टर : तीन. कधी चार.

सिस्टर : आणि त्यात तुम्ही विचारता, ‘काय, बरं आहे ना?’ तो म्हणतो, ‘बरं आहे साहेब.’ गोळ्या पुढच्या तीन महिन्यांसाठी तशाच.

(डॉक्टर काही बोलले नाहीत. सिस्टरांनी इथे सूर बदलला आणि शिकवायला लागल्या. मी तो भाग मुद्दाम जवळजवळ पूर्ण देतोय, कारण या विषयावर जे छापून येतं त्यात एन्झाइम असतं, हे नसतं.)

सिस्टर : मी मुलींना सांगते, अंजायनाच्या माणसाला ‘दुखतं का’ असं विचारू नका. ‘काय करायचं सोडलंत’ असं विचारा. एक आजी होत्या. म्हणाल्या, आता अजिबात दुखत नाही. म्हटलं, पाणी कोण भरतं? सून. देवळात जाता? नाही, लांब पडतं. अंघोळीचं गरम पाणी कोण काढून देतं? नात. जेवल्यावर? आडवी होते. पूर्वी? पूर्वी भांडी घासायचे. म्हणजे दुखणं गेलं नव्हतं. बाईंनी आयुष्य एवढं आखडून घेतलं की दुखण्याला वावच उरला नाही. केसपेपरवर मात्र ‘लक्षणं नाहीत’ असं लिहिलेलं.

डॉक्टर : आणि याच्या उलटही होतं. गोळीने बरं वाटलं म्हणून माणूस दुप्पट चालतो आणि त्याच संख्येने दुखतं. कागदावर गुण शून्य.

सिस्टर : म्हणून वही लागते. शाळेची चाळीस पानी पुरते. तारीख, काय करत होतात, किती वेळ दुखलं, जिभेखालची गोळी घेतली का, किती घेतल्या. लिहिता येत नसेल तर नातू लिहील. ते छातीवर हात ठेवून ‘गॅस झालाय’ म्हणतात, तेही लिहायचं. आपल्याकडे बराच अंजायना गॅसच्या नावाखाली लपतो, बायकांचा आणि मधुमेह्यांचा तर जास्तच. बायका धाप म्हणतात, थकवा म्हणतात, जबडा दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जातात. चालताना येतं आणि थांबलं की जातं, तर तो गॅस नव्हे. पाचवी गोळी सुरू करण्याआधी दोन आठवडे वही, नंतर दोन महिने वही. मग तुम्ही ठरवा.

डॉक्टर : हे मला पटतं. मी विरोध कशाला करू?

सिस्टर : थांबा, अजून त्रासाचं राहिलं. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. हात कापायला लागले, चाल आखडली, चेहरा सपाट झाला. कंपवात ठरवून कंपवाताच्या गोळ्या चालू झाल्या. आधीच्या सातांत दोन वाढल्या. पिशवी उलटी केली तर त्यात ट्रायमेटाझिडिन, कित्येक वर्षांपासून, पुन्हा त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध अंगात साठतं. बंद केलं आणि दोन-तीन महिन्यांत सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागले. एका गोळीचा दोष झाकायला दुसरी गोळी, हे मी फार पाहिलंय.

डॉक्टर : ही गोष्ट आता कागदावर पक्की आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2012मध्ये ट्रायमेटाझिडिनची फेरतपासणी केली. कानात आवाज येणं, भोवळ, नजरेचे दोष यांसाठी देणं बंद केलं. अंजायनात फक्त इतर औषधांच्या जोडीला ठेवलं. कंपवात, हातापायांची थरथर, रात्री पाय स्वस्थ न राहणं यांपैकी काही असेल तर द्यायचंच नाही. मूत्रपिंडाची क्षमता तीसच्या खाली असेल तर नाही, तीस ते साठ असेल तर मात्रा निम्मी. औषधामुळे आलेली थरथर बहुधा बंद केल्यावर जाते. चार महिन्यांनंतरही राहिली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं.

सिस्टर : कागदावर पक्की आहे, खाटेशेजारी नाही. म्हणून नर्सने दर भेटीला पाहायचं. सही करायला लावा, अक्षर बारीक होत चाललंय का पाहा. पाण्याचा पेला धरताना पाहा. खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो पाहा. याला मशीन लागत नाही. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन मागा, सत्तरीपुढच्याला तर नक्कीच.

डॉक्टर : रॅनोलाझिनला नर्सचं लक्ष आणखी लागतं. ते ईसीजीतला क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला विजेचा काळ, लांबवतं, तो फार लांबला तर हृदयाची लय बिघडते, म्हणून सुरू करताना आणि मात्रा वाढवताना ईसीजी. यकृताचा सिऱ्होसिस असेल तर नाही. गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती फोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. बद्धकोष्ठ होतं, चक्कर येते. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल चालू असेल तर पाचशेच्या दोन गोळ्यांपुढे जायचं नाही.

सिस्टर : आणि नायटा!

डॉक्टर : नायटा?

सिस्टर : पावसाळ्यात मांडीला, कमरेला नायटा उठतो. मधुमेह्याला तर हमखास. त्वचेचे डॉक्टर इट्राकोनाझोल देतात. त्यांना वाटतं हा खाजेचा पेशंट, याला वाटतं खाजेच्या डॉक्टरला हृदयाचं काय सांगायचं. इट्राकोनाझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्यानेच रॅनोलाझिन निचरतं. रक्तातली मात्रा वाढते, क्यूटी लांबतो. छातीच्या जंतुसंसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तरी तेच. ही दोन्ही रॅनोलाझिनसोबत चालतच नाहीत. तुम्ही लिहिलेली गोळी बरोबर असेल, त्यांनी लिहिलेलीही बरोबर असेल, पण दोन्ही एकाच पोटात जातात हे पिशवी उघडणाऱ्यालाच दिसतं.

डॉक्टर : खरं सांगू, इतिहास तुमच्याच बाजूने बोलतो. पर्हेक्सिलीन आठवतं? चरबी पेशीच्या ऊर्जाघरात शिरतानाच अडवणारं औषध. अंजायनावर जबरदस्त गुण यायचा. पण काहींच्या यकृतात ते निचरतच नाही. त्यांची यकृतं आणि नसा बिघडल्या, आणि 1980च्या दशकात बहुतेक देशांनी ते सोडून दिलं. ऑस्ट्रेलियाने नाही सोडलं. त्यांनी रक्तातली मात्रा मोजून द्यायला सुरुवात केली, आणि निवडक रुग्णांत ते तिथे टिकलं. औषध तेच होतं. जिथे मोजलं तिथे चाललं.

सिस्टर : मग आपण भांडतोय कशावर?

डॉक्टर : यावर की तुम्ही म्हणाल ‘देऊ नका’, आणि मी म्हणतो ‘द्या’.

सिस्टर : मी ‘देऊ नका’ म्हणतच नाही. ‘दिलीत तर बंद करायची तारीखही लिहा’ म्हणते. युरोपातल्या माहितीपत्रकातच आहे ना, तीन महिन्यांनी फायदा पाहा आणि नसेल तर थांबवा?

डॉक्टर : आहे. पाळतो कोण?

सिस्टर : (हसून) तेच विचारतेय.

(इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं. दोघांचा वाद औषधावर आहे असं धरून मी बसलो होतो, पण खरा मतभेद पैशाचा होता, तो पुढे आला.)

सिस्टर : दुसरी गोष्ट खर्चाची. महिना संपायच्या आत पैसे संपले की माणूस काय बंद करतो? ज्याने काही जाणवत नाही ते. ॲस्पिरिन जाणवत नाही. स्टॅटिन जाणवत नाही, उलट कुणीतरी सांगितलेलं असतं की त्याने पाय दुखतात. ‘छातीची गोळी’ मात्र तो सोडत नाही. म्हणजे जी जीव वाचवते ती सुटते आणि जी वाचवत नाही ती राहते. म्हणून मी मुलींना सांगते, पिशवीतल्या पट्ट्या पंखासारख्या पसरून ठेवू नका, दोन ढीग करा. हा ढीग जीव वाचवायचा, हा ढीग दुखणं कमी करायचा. पैसे कमी पडले तर आधी आमच्याकडे या, मनाने काही बंद करू नका, बीटा-ब्लॉकर तर एकदम कधीच नाही.

डॉक्टर : एक माझी बाजूही लिहा. इस्केमिया चाचणी, 2020, पाच हजारांवर रुग्ण, भारतातलेही होते. स्थिर आजारात आधीच अँजिओग्राफी करून नळी उघडली म्हणून मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखत होतं, त्यांचं दुखणं मात्र कमी झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचे पैसे मिळतात. रोजच्या गोळीचे रुग्णाच्या खिशातून जातात. त्यामुळे माणसाला वाटतं, स्टेंट म्हणजे उपचार आणि गोळ्या म्हणजे उरलंसुरलं. मला उलटी भीती आहे, की सिस्टरांचं बोलणं वाचून कुणी गोळ्यांनाच नावं ठेवेल आणि तिसरा-चौथा स्टेंट मागायला येईल.

सिस्टर : तसं होऊ नये. स्टेंटवरही तोच प्रश्न विचारा, कशासाठी.

डॉक्टर : आणि पुन्हा खाली वाकून बूट घालता येतो का, ते वहीत लिहा.

सिस्टर : शेवटचं, आणि हे ठळक छापा. छातीत कळ आली की लोक ट्रायमेटाझिडिनची नाहीतर रॅनोलाझिनची एक जास्तीची गोळी गिळतात. नातेवाईकही देतात, ‘छातीचीच आहे ना!’ या गोळ्या त्या क्षणी काही करत नाहीत. त्या वेळेला फक्त जिभेखालची. आधी बसायचं, उभ्याने नाही, रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. आणि पुरुषांना एकांतात विचारायचं की लैंगिक ताकदीची गोळी घेतलीय का. सिल्डेनाफिल एका दिवसाच्या आत, टाडालाफिल दोन दिवसांच्या आत घेतलेलं असेल तर जिभेखालची गोळी द्यायची नाही. बायकोसमोर कुणी खरं सांगत नाही.

या दोघांचं ऐकून माझं मत बनलं ते असं : पाचवी गोळी निवडक रुग्णाला उपयोगी आहे, पण दुखण्याचा हिशेब ठेवणारं कुणी नसेल तर ती लिहू नये. नर्सला हे काम द्यायचं तर तिला दिवसाला दहा मिनिटं आणि एक खुर्ची द्यावी लागेल, आणि बहुतेक ओपीडीत आज दोन्ही नाहीत.

तुमच्या घरात अंजायनाचा माणूस असेल तर पुढच्या भेटीला सगळ्या पट्ट्या, त्वचेच्या आणि गुडघ्याच्या डॉक्टरांच्याही, एका पिशवीत न्या. प्रत्येकीबद्दल विचारा, ही कशासाठी आणि केव्हा पुन्हा पाहणार. स्वतःहून एकही बंद करू नका. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, घाम सुटला, किंवा जिभेखालच्या गोळीनंतर पाच मिनिटांत कमी झालं नाही, तर वही बाजूला ठेवा आणि 108ला फोन करा.